अठ्ठेचाळीस मापाच्या वधूवर हरकत

६ जानेवारी २०२५. मापवहीत स्त्रिया दोनशे चौदा. हयात दोनशे पाच, मृत नऊ.

ही गणना ललिता खोब्रागडे दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या सोमवारी करी. सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या जिन्याखाली, दोन शिलाई मशिनी आणि एक इस्त्रीचे टेबल मावेल एवढ्या जागेत, ती बावीस वर्षे ब्लाउज शिवत आली होती. गिऱ्हाईक वारले म्हणून तिने कधी वहीतले पान फाडले नाही. कोणी कारण विचारले तर म्हणे, "माणूस गेलं म्हणून मापावर घेतलेली मेहनत वाया थोडीच जाते?"

या वहीची एक रीत होती आणि ती जिन्याबाहेर कोणालाही ठाऊक नव्हती. पेठेतली बाई माप द्यायला उभी राहिली की टेप अंगाला लागायच्या आधीच आकडा सांगते. "मागच्या वेळचंच लिही गं, काही फरक नाहीये." ललिता तो आकडा बाईच्या डोळ्यांदेखत निळ्या शाईने लिही. बाई गल्लीच्या वळणापलीकडे गेली की पानाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने टेपने सांगितलेला आकडा लिही. शिवायचे तांबड्यावरून, बोलायचे निळ्यावरून. बावीस वर्षांत तिने शिवलेले ब्लाउज घट्ट झाल्याची कोणाची तक्रार नव्हती आणि पेठेतली एकही बाई जाड झाली नव्हती. एवढ्या लहानशा असत्यावर इतकी कुटुंबे इतकी वर्षे शांततेने नांदल्याचे उदाहरण मोठमोठ्या संस्थांच्या इतिहासातही सहसा सापडत नाही. ललिताचे स्वतःचेही पान वहीत होते. त्यावर निळ्या शाईत बेचाळीस होते; तांबड्याबद्दल न विचारणे बरे.

ललिताचा दुसरा व्यवसाय बसमध्ये चाले. ती वाघोलीला राहत असे. सकाळी तिथून पेठेत आणि संध्याकाळी पेठेतून तिथे, असे रोजचे तीन तास ती खिडकीशी बसून फोनवर कादंबरी लिही. एका कथांच्या ॲपवर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तिचा एकेक भाग येई, 'निशा' या नावाने. हे नाव तिची मुलगी दीक्षा हिने ठेवले होते. ॲपवर भाग चढवण्याचे कामही तीच करी.

पहिल्या कादंबरीत ललिताने एका भरल्या अंगाच्या बाईवर एका बँक अधिकाऱ्याचे प्रेम बसवले होते. नायक देखणा, निर्व्यसनी, वयाने योग्य. वाचक संतापले. "असं कुठे होतं का?" "काहीतरी पटेल असं लिहा." ललिताने महिनाभर विचार केला आणि दुसऱ्या कादंबरीत नायकाच्या जागी भूत घातले. तक्रारी थांबल्या. भुताचे अशा बाईवर प्रेम बसू शकते, हे सर्वांना लगेच पटले. जिवंत पुरुषाविषयी समाजाचे मत काय आहे, हे ललिताला त्या दिवशी जेवढे स्पष्ट कळले तेवढे कोणत्याही व्याख्यानातून कळले नसते.

अडचण एवढीच की तिचा भुतांवर काडीचाही विश्वास नव्हता. ती मूळची ब्रह्मपुरीकडची. आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हा घरातून देव गेले आणि त्यांच्याबरोबर भुतेही गेली. लहानपणी कोणी अंधाराला भ्यायले तर आई कंदील हातात देऊन म्हणे, "जा, बघून ये, आणि काय दिसलं ते सांग."

"आजी असती तर तिने तुला विहारात उभं करून जाब विचारला असता," दीक्षा एकदा म्हणाली.

"मी भुतावर विश्वास ठेवा असं कुठं म्हणते? प्रेमावर ठेवा म्हणते. भूत आपलं साक्षीपुरतं."

"साक्षीदार नाही गं, हीरो आहे तो!"

"मग काय झालं? कामाला चोख आहे ना?"

कादंबरीचे नाव 'चुकलेल्या वाटेचा नवरदेव'. नायक शुभंकर हा चकवा होता, म्हणजे वाटसरूला भुलवून एकाच जागी गोल गोल फिरवणारे भूत. बैलगाड्यांच्या काळात त्याने नगर रस्त्यावर नाव कमावले होते. पुढे खराडीला कंपन्या आल्या, वाघोलीला इमारती आल्या, आणि माणसांना एकाच जागी तासन् तास अडकवण्याचे काम वाहतूक त्याच्याहून सरस करू लागली. बेकार चकवा वडाखाली उदास बसून असता स्कूटरवरून सृष्टी आली. वय एकतीस, खराडीत नोकरी, छाती अठ्ठेचाळीस, कंबर चव्वेचाळीस, उजवा खांदा अर्धा इंच उतरता. चकव्याने तिला सात फेऱ्या फिरवले; कपटाने नव्हे, तिचे बोलणे ऐकावेसे वाटले म्हणून. घरी उशीर झाला तरी सृष्टीवर कोणी संशय घेतला नाही, कारण त्या रस्त्याने सगळ्यांनाच उशीर होतो.

नायिकेचा आकडा स्पष्ट सांगायचा, हा ललिताचा नियम होता. 'चवळीची शेंग', 'केळीचा गाभा' या उपमांनी पिढ्यान् पिढ्या बायकांना फसवले, आपण टेप लावावी, असे तिचे मत. पण आकडा आणायचा कोठून? कल्पनेने शिवलेले ब्लाउज अंगावर बसत नाही. हयात बाईचे माप वापरणे विश्वासघाताचे झाले असते. म्हणून तिने मृत नऊंपैकी एक पान उघडले. मेलेल्याला काही कळत नाही, काही लागत नाही, ही तिची लहानपणापासूनची शिकवण. आणि ती शिकवण खरीच होती.

पेठेतल्या किमान दोघींना ती नायिका आपणच असल्याचा संशय आला असावा. त्यांपैकी एक, ब्लाउज घ्यायला आलेली, जिन्याशी घुटमळून म्हणाली, "ती कोण निशा लिहिते, फारच आगाऊ बाई दिसते." ललिता म्हणाली, "का हो? तुमचं काही लिहिलं का तिनं?" बाईने क्षणभर विचार केला. तक्रार करायची तर आधी अठ्ठेचाळीस कबूल करणे भाग होते. "माझं कशाला लिहील? मी चाळीस आहे," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली.

तक्रार आली ती दुसरीकडून. तेरा जानेवारीला, सकाळी दुकान उघडून ललिताने मशीनला तेल दिले न दिले तोच, बद्रीनाथ नगरकर समोर येऊन उभे राहिले. वय एकाहत्तर, विवाह नोंदणी कार्यालयातून लिपिक म्हणून निवृत्त. त्यांच्या पत्नी यमुनाबाई तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. यमुनाबाईंना माप द्यायला लाज वाटे, म्हणून एकोणीस वर्षे त्यांचे मापाचे ब्लाउज बद्रीनाथच पिशवीत घालून आणत, आणि सोबत चिठ्ठी देत: 'विषय: दोन ब्लाउज शिवण्याबाबत.' खाली मापे, खरी. अख्ख्या वहीत निळा आणि तांबडा आकडा सारखा असलेले ते एकच पान होते. नियमाने चालणाऱ्या माणसाला बायकोचे माप खोटे लिहिणे सुचलेच नव्हते.

"या साहेब, बसा ना."

"बसायला आलो नाही. आणि जागाही दिसत नाही." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

ललिताने ती वाचली. 'विषय: चुकलेल्या वाटेचा नवरदेव या कादंबरीतील वधूबाबत. येत्या शुक्रवारी सदर वधूचा शुभंकर नामक चकव्याशी विवाह होणार असल्याचे समजते. सदर वधू माझी पत्नी असल्याने या विवाहास माझी हरकत आहे.'

तिच्या हातून तेलाची बुधली कलंडली.

"तुम्हाला कसं कळलं, मी लिहिते ते?"

"यमुनाचा फोन मी चालू ठेवला आहे. तिला असल्या गोष्टी वाचायचा नाद होता. त्यावर सूचना आली, उघडली. पहिल्याच भागात उजवा खांदा अर्धा इंच उतरता. हे जगात तिघांना ठाऊक. एक वारली. मी कादंबऱ्या लिहीत नाही. राहिलं कोण?"

"साहेब, पण ती सृष्टी आहे. एकतीस वर्षांची. आयटीत कामाला."

"यमुना एकतीसची होती तेव्हा आयटी नव्हतं. असतं तर गेली असती."

ललिताने हळूच विचारले, "आपला भुतांवर विश्वास आहे का?"

"मुळीच नाही. तुमचा?"

"नाही."

"म्हणजे दोघेही शुद्धीवर आहोत. बोलणं सोपं जाईल."

"मग कायद्याचंच बोलू. माणूस गेलं की लग्न संपतं ना?"

"संपतं." बद्रीनाथांनी चष्मा काढून पुसला. तो पुरेसा स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले. "पण तुमच्या पुस्तकात ती जिवंत आहे. ती जिवंत, मी जिवंत, घटस्फोट झालेला नाही. म्हणजे विवाह कायम. विशेष विवाह कायदा, कलम चार. वधूवरांपैकी कोणाचाही जोडीदार हयात असता कामा नये. बरं, नोटीस तरी लावली आहे का?"

"कसली नोटीस?"

"चकव्याचा धर्म कोणता लिहिला आहे?"

"कोणताच नाही."

"मग नोंदणी पद्धतीनंच लावावं लागेल. तीस दिवसांची नोटीस, कार्यालयाच्या फलकावर. कोणाची हरकत आहे का ते पाहायचं. त्याआधी लग्न लावाल तर ते बेकायदा. वाचकांवर काय परिणाम होईल याचा विचार तुमच्यासारख्या जबाबदार बाईनं करायला हवा."

एवढे बोलून ते गेले. ललिताने हिशेब केला. तीस दिवस म्हणजे आणखी बारा भाग. म्हाताऱ्याला लग्न मोडायचे होते, का नायिका आणखी तीस दिवस हवी होती, हे तिला कळले. पण न कळल्यासारखे करणे तिला सभ्यपणाचे वाटले. शिवाय अपराध तिचाच होता. तिने न विचारता एका बाईचे अंग उचलून कथेत ठेवले होते. पेठेतली एकही बाई तिला आपल्या मापाचा खरा आकडा सुखासुखी देत नसे. मग हा तिने कोणत्या अधिकाराने घेतला?

ॲपच्या खराडीतल्या कार्यालयातून पूर्वाचा फोन आला. ती संपादक होती, वय चोवीस, आणि ललिताला ताई म्हणे.

"ताई, प्लीज! वेडिंग एपिसोडचं प्रमोशन पण झालंय. शुक्रवारी लग्न नाही म्हणजे काय?"

"नोटीस लागल्याशिवाय लग्न लागत नाही."

"पण तो भूत आहे ना?"

"म्हणून तर. भुताला जास्त कागद लागतात. जन्मतारखेचा पुरावा कुठून आणायचा सांग."

"लोक ॲप डिलीट करतील ओ!"

"करू देत. पळून जाऊन लग्न केलं तर चालेल म्हणशील उद्या."

"ते तर सुपरहिट जाईल, ताई!"

ललिताने फोन ठेवला. शुक्रवारच्या भागात सृष्टी आणि शुभंकर नोंदणी कार्यालयात गेले आणि फलकावर नोटीस लागली. त्या भागाखाली पहिली प्रतिक्रिया आली ती 'यमुना नगरकर' या खात्यावरून: 'हरकत. वधूचा पती हयात आहे. कळावे, ब. ना. नगरकर.'

वाचक खूश झाले. हा लेखिकेचाच डाव आहे असे त्यांना वाटले. दोन दिवसांत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, पती हयात असेल तर समोर यावे, एवढे दिवस कुठे होता? दुसरा म्हणे, चकवा चकवाच, आज रस्ता चुकवतो, उद्या संसार चुकवील. पूर्वाने फोन करून सांगितले, "ताई, तो नगरकर कोण आहे? जीनियस आहे. त्याला रोज लिहायला सांगा."

बारा भाग भरायचे होते आणि गोष्ट तर संपलेली. ललिताकडे लिहायला काही उरले नाही, म्हणून तिने दोघांना नुसते फिरवले आणि खायला घातले. सृष्टी चौकातल्या गाड्यावर बटाटावडे खाई. शुभंकर समोर उभा राही. तिने किती खाल्ले हे त्याने कधी मोजले नाही. सरळ रेषेत जाणारी कोणतीही गोष्ट त्याला जमत नसे, आणि अंक हे एकापुढे एक सरळच जातात. सृष्टी हसली की तिचा सगळा देह हसे, आणि ते पाहून वडाच्या पारंब्या गुंतत. सृष्टीला लिफ्टमधला आरसा आवडत नसे, तर चकव्याने एके दिवशी आरशालाच चकवले. त्यात तिच्याऐवजी तिच्या सहकाऱ्यांची पाठ दिसू लागली.

दर सोमवारी बद्रीनाथ दुकानात येत आणि तपासणी करीत.

"वराच्या वयाचा पुरावा?"

"वडाची वर्तुळं मोजून द्यायची, असं लिहिलंय."

"झाड तोडल्याशिवाय मोजणार कशी? नामंजूर. राहण्याचा पत्ता?"

"नगर रस्ता."

"अख्खा?"

"अख्खा. तो वाहतुकीत सगळीकडे असतो."

"हे मात्र मला मान्य आहे," बद्रीनाथ म्हणाले. ते परवाच खराडीला जाऊन आले होते.

तिसऱ्या सोमवारी ललिताने त्यांच्यासाठी शेजारून एक स्टूल मागून आणले. ते बसले. हातात चिठ्ठी नव्हती. मशीनकडे पाहत ते म्हणाले, "ते पान दाखवता?"

तिने वही उघडली. एकोणीस वर्षांच्या मापांची ओळ होती. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकदा सत्तेचाळीस, पुन्हा अठ्ठेचाळीस. त्याखाली शेवटच्या वर्षात बेचाळीस, आणि त्याखाली अडतीस.

"हे बेचाळीस झालं ना," बद्रीनाथ म्हणाले, "तेव्हा हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या, काय छान बारीक झालात. ती घरी येऊन आरशासमोर उभी राहिली. मीही म्हणालो, छान. पेढे आणले मी. आणि तिने एकच खाल्ला, तर त्याचंही कौतुक केलं. आजार कळला तो पुढे चार महिन्यांनी."

ललिताने वही मिटली नाही. तिच्या बोटाखाली तो आकडा होता. "साहेब, मीसुद्धा. तुम्ही जुने ब्लाउज आत घ्यायला आणले होते. मी चिठ्ठीच्या मागे लिहून पाठवलं होतं. अभिनंदन म्हणून."

"मिळाली होती," बद्रीनाथ म्हणाले. "तिने जपून ठेवली होती."

वरच्या मजल्यावरून कोणीतरी जिना उतरून गेले. बद्रीनाथ उठले, उन्हासाठी आणलेली छत्री विसरले, परत आले, छत्री घेतली. जाता जाता म्हणाले, "शुक्रवारच्या भागात ती साबुदाणा वडा खाते. यमुनाला तो तिखट लागत असे. दह्याबरोबर द्या."

बुधवारच्या भागात दही आले.

पंधरा फेब्रुवारीला, शनिवारी, बद्रीनाथ नेहमीचा सोमवार सोडून आले. नोटिशीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ॲपवर दोन्ही पक्षांनी रणधुमाळी माजवली होती आणि पूर्वाने सकाळपासून चार फोन केले होते. बद्रीनाथांनी नवी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि ललिता वाचेपर्यंत भिंतीवरच्या तिच्या कात्र्या मोजीत उभे राहिले.

'विषय: हरकत मागे घेण्याबाबत. मुदतीत वराची वर्तणूक पाहिली. त्याने वधूला एकदाही बारीक हो असे म्हटले नाही, व झालीस असेही म्हटले नाही. तिच्या पानातला घास मोजला नाही. हयात पतीने एक्केचाळीस वर्षांत या दोन्ही गोष्टी वेळोवेळी केल्या आहेत. सबब हयात पतीची हरकत टिकणारी नाही. विवाह लावण्यास प्रत्यवाय नसावा.' खाली सही, तारीख, आणि सवयीने जावक क्रमांक.

"खरंच लावू?" ललिताने विचारले.

"कायद्याची अडचण उरलेली नाही."

"कायद्याचं विचारलं नाही मी."

बद्रीनाथांनी चिठ्ठी टेबलावर सरळ केली. मग म्हणाले, "लग्नात ब्लाउज तुम्हीच शिवणार ना तिचं? गोष्टीत?"

"मीच."

"मुंढा घट्ट ठेवू नका. सांगायची नाही कधी, पण मुंढा घट्ट झाला की ती दिवसभर हात वर करायची नाही. फळीवरचे डबे मला काढायला सांगायची. मला वाटायचं आळस."

"अर्धा इंच सैल ठेवते."

"पाऊण ठेवा."

ललिता उठून उभी राहिली. जिन्याखाली उभे राहिले की तिचे डोके छताला लागे, म्हणून ती किंचित वाकून म्हणाली, "साहेब, मी त्यांचं माप न विचारता वापरलं. तेव्हाच विचारायला हवं होतं. आता विचारते. चालेल ना तुम्हाला?"

"मला विचारून काय उपयोग, ललिताबाई?" बद्रीनाथ म्हणाले. "माप माझं नव्हतं."

सतरा फेब्रुवारीला, सोमवारी, सृष्टीचे शुभंकरशी नोंदणी पद्धतीने लग्न लागले. वधूने दोन्ही हात पूर्ण वर करून हार घातला. चकव्याने सही सरळ रेषेत करण्याचा प्रयत्न केला, ती गोल झाली, आणि अधिकाऱ्याने चालवून घेतली. वाचकांनी रात्रीपर्यंत अकरा हजार वेळा बदाम पाठवले. 'यमुना नगरकर' या खात्यावरून एकच ओळ आली: 'कार्य यथासांग पार पडले.' पूर्वाने पुढच्या कादंबरीसाठी नायिकेचे माप काय असेल ते विचारले. ललिताने सांगितले की या खेपेला ती आधी गिऱ्हाइकाला विचारील, आणि गिऱ्हाईक नाही म्हणाले तर स्वतःचा तांबडा आकडा देईल.

यमुनाबाईंची परवानगी ललिताने घेतली नव्हती. बद्रीनाथांना ती देता येत नव्हती. ती बाकी आहे.